नामांकित आचारी आणि रेशनचें स्वयंपाकघर

नामांकित आचाऱ्यानें सांगितलेली कृति घरीं करावयास घेतली म्हणजे गृहिणीपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. कृतींत लोणी हवें असतें, साय हवी असते, आणि चार जिन्नस असे असतात कीं ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळत नाहींत. मग कांहीं गाळावें, कांहीं बदलावें, आणि शेवटीं पानांत जें पडतें त्याचें मूळ पदार्थाशीं नातें नांवापुरतें उरतें. परंतु एकदां याच्या अगदीं उलट प्रकार घडला. एका मोठ्या आचाऱ्यालाच सामान्य घराच्या फडताळांत काय उरलें आहे हें आधीं पाहून कृति बसवावी लागली. ही हकीकत दुसऱ्या महायुद्धांतील इंग्लंडची. आचारी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाचे मुख्य पाकशास्त्री फ्रांस्वा लात्री, आणि पदार्थाचें नांव 'लॉर्ड वुल्टन पाय'. हें नांव मराठी कानाला चमत्कारिक लागेल. पण पाय म्हणजे खोलगट थाळींत सारण भरून, वर पिठाचें झांकण घालून भाजलेला पदार्थ, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

सॅव्हॉय हें कांहीं साधें भोजनगृह नव्हे. तें १८८९ सालीं उघडलें, आणि लागलीच पुढील वर्षीं तेथील पाकशाळा ऑग्यूस्त एस्कॉफिये या जगप्रसिद्ध पाकशास्त्र्याच्या हातीं गेली. नेली मेल्बा या गायिकेच्या नांवानें ओळखली जाणारी पीच फळाची मिठाई ही त्याचीच. अशा घराण्याच्या गादीवर बसलेल्या माणसाकडून बटाटा, गाजर आणि कंद यांचा पदार्थ यावा, यांतच त्या काळाची सारी गंमत आणि सारें दुःख आहे.

युद्धापूर्वीं ब्रिटनचें सुमारें दोन-तृतीयांश अन्न समुद्रापलीकडून येत असे. जर्मन पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्या तेव्हां प्रत्येक पोतें मोलाचें झालें. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी व साखर यांचें रेशन सुरू झालें; मार्चमध्यें मांस आलें, आणि जुलैमध्यें चहा, मार्गरीन व स्वयंपाकाची चरबी यांचीही पाळी आली. मांसाचें रेशन वजनावर ठरविलेलें नव्हतें, तें किंमतीवर होतें. प्रारंभीं माणशीं आठवड्याला १ शिलिंग १० पेन्सांचें मांस मिळे. १९४१ सालीं तो आंकडा बराच खालीं आला. या पद्धतींत एक शहाणपण होतें. हलक्या प्रतीचा तुकडा घेणाऱ्यास अधिक वजन मिळे, आणि तो मऊ शिजविण्याची कला ज्या घरांत होती त्या घराचें पोट थोडें अधिक भरे. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झाल्यावर ज्या कुटुंबांनीं कार्डें जपलीं, त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब निराळा समजावून सांगावा लागला नसता.

एप्रिल १९४० मध्यें अन्नमंत्री झालेले लॉर्ड वुल्टन हे पूर्वीं मोठ्या दुकानांचा कारभार पाहणारे गृहस्थ. माल खपवावयाचा तर गिऱ्हाइकाशीं गोड बोलावें लागतें, हें ते जाणून होते. बटाटे व गाजरें देशांतच पिकत, त्यांवर रेशन नव्हतें. तेव्हां लोकांनीं तींच अधिक खावींत अशी त्यांची खटपट होती. जून १९४० पासून 'किचन फ्रंट' नांवाचा छोटा कार्यक्रम रोज सकाळीं सव्वा आठ वाजतां नभोवाणीवर होऊं लागला. बाजाराला निघण्यापूर्वीं गृहिणीच्या कानीं दोन उपयोगी गोष्टी पडाव्या, अशी ती वेळ निवडलेली होती. परंतु कंदमुळें खा असें मंत्र्यानें सांगणें वेगळें, आणि सॅव्हॉयच्या पाकशास्त्र्यानें त्यांचा पदार्थ करून दाखविणें वेगळें. लात्री यांचा पाय आला तो या दुसऱ्या मार्गानें.

ही कृति 'टाइम्स' पत्रानें २६ एप्रिल १९४१ रोजीं छापली. तींत बटाटे, फुलकोबी, गाजरें आणि स्वीड नांवाचा सलगमाच्या जातीचा पिवळसर कंद हीं प्रत्येकीं एक पौंड, म्हणजे सुमारें साडेचारशे ग्रॅम, फोडी करून घ्यावयाचीं. पातीचे कांदे तीन किंवा चार. कांदे इतके थोडे कां, हा प्रश्न मराठी घरांत प्रथम येईल. इंग्लंडला कांदा बराचसा ब्रिटनी प्रांतांतून व चॅनेल बेटांतून येई, आणि १९४० च्या उन्हाळ्यांत हे दोन्ही प्रदेश जर्मनांच्या हातीं गेले. कांदा इतका दुर्मिळ झाला कीं सोडतींत तो बक्षीस म्हणून ठेवूं लागले! याखेरीज भाजीसत्त्वाचा एक लहान चमचा व ओटच्या पिठाचा एक मोठा चमचा. सर्व एकत्र करून, बुडेल इतकेंच पाणी घालून, मधून मधून ढवळीत दहा मिनिटें शिजवावें; निवूं द्यावें; थाळींत घालून वर पार्सली चिरून पेरावी; बटाट्याचें किंवा जाड्या गव्हाच्या पिठाचें झांकण घालावें; मध्यम आंचेच्या ओव्हनमध्यें तांबूस होईपर्यंत भाजून गरम गरम तपकिरी रश्शाबरोबर वाढावें.

वरवर पाहतां यांत पाकशास्त्र्याचें काय आहे, असें कोणी विचारील. पण प्रत्येक पायरीला कारण आहे. बेताचेंच पाणी घातल्यामुळें तें ओतून टाकावें लागत नाहीं. भाज्यांचा रस व त्यांतील सत्त्व थाळींतच राहतें. ओटचें पीठ त्या पाण्याला दाटपणा आणतें. एरवीं हें काम लोणी व मैदा परतून करावें लागलें असतें. भाजीसत्त्व मांसाच्या रसाची उणीव थोडीबहुत भरून काढतें. निवूं द्यावें हें तर फारच महत्त्वाचें, कारण कढत सारणावर पिठाचें झांकण ठेवलें कीं त्यांतील चरबी वितळून झांकण चिकट होतें, आणि आठवड्याच्या तुटपुंज्या चरबीचा भाग फुकट जातो. ज्या घरीं तेवढीही चरबी नाहीं, तेथें बटाट्याचें झांकण. शिवाय ऋतूप्रमाणें भाज्या बदलण्यास पूर्ण मोकळीक होती. एखादा जिन्नस नसला म्हणून कृति अडत नसे. आपल्याकडील ऋषिपंचमीच्या भाजीचीही जात अशीच.

तरीही हा पाय लोकांना मनापासून आवडला असें म्हणतां येत नाहीं. त्याची पुष्कळ थट्टा झाली. पाय म्हटला कीं इंग्रज मनुष्य झांकणाखालीं मांस शोधतो. येथें सुरी घातली कीं आंत गाजर. स्वीड व गाजर दोन्ही गोडसर, आणि गोडीला आवरणारा स्निग्ध पदार्थ जवळ जवळ नाहींच. त्यांतून स्वीड हें अनेकांच्या मनांत गुरांचें खाद्य.

आणखीही एक सल होता, तो जिभेपेक्षां खोल. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत हॉटेलांत जेवणाऱ्यास रेशनचें कूपन द्यावें लागत नसे. ज्याच्या खिशांत पैसा त्याला घरचें रेशन शाबूत ठेवून बाहेर जेवतां येई. १४ सप्टेंबर १९४० रोजीं, लंडनवर बाँबवर्षाव चालू असतां, पूर्व भागांतील गरीब वस्तीचे लोक मुलाबाळांसह सॅव्हॉयच्या सुरक्षित तळघरांत शिरले आणि तेथें आसरा मागूं लागले. जून १९४२ मध्यें सरकारनें हॉटेलांतील एका जेवणास ५ शिलिंगांची मर्यादा घातली. तींतही बड्या हॉटेलांना जादा आकार घेण्याची सवलत राहिलीच. अशा वेळीं त्याच हॉटेलाच्या पाकशाळेंतून आलेला कंदांचा पाय गरिबानें कौतुकानें खावा ही अपेक्षा जरा जास्तच होती. लात्री यांचा यांत दोष नाहीं. त्यांनीं आपली विद्या प्रामाणिकपणें खर्च केली. पण त्यांच्या हाताशीं मदतनीस होते, आणि घरची गृहिणी कारखान्यांतून थकून येऊन, रात्रीच्या भोंग्यापूर्वीं, तेंच काम एकटीनें करीत होती. ओव्हन पेटवावयाचा तर इंधनही जपून वापरावें लागे.

४ जुलै १९५४ रोजीं मांसावरील निर्बंध उठले व ब्रिटनमधील रेशन संपलें. त्यानंतर हा पाय घराघरांतून नाहींसा झाला यांत नवल नाहीं.

आज मुंबईपुण्याकडे हौसेनें तो करून पाहणाऱ्यास स्वीड सहसा मिळणार नाहीं. सलगम किंवा नवलकोल घ्यावा. पार्सलीच्या जागीं कोथिंबीर चालेल. मीठमिरें बेतानें घालावें, कारण भाजीसत्त्व मुळांतच खारट असतें. फुलकोबीच्या फोडी मोठ्या ठेवाव्या, नाहींतर दहा मिनिटांत तिचा लगदा होतो. आणि तपकिरी रस्सा मात्र खर्चाच्या नांवाखालीं वगळूं नये. इतकी काटकसर करूनही लात्री यांनीं तो वगळला नव्हता.