शिंप्याच्या यादीतलं ‘क्युरिअसली’

शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ नाटकाच्या चौथ्या अंकात एक शिंपी नव्या गाऊनची यादी वाचून दाखवतो. बाह्या कशा बेतल्यात ते सांगताना तो ‘क्युरिअसली’ म्हणतो. आजचा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. बाह्या कुतूहलाने बेतल्या? की चमत्कारिक बेतल्या? दोन्ही नाही. त्या निगुतीने बेतल्या आहेत. नाटकाचा नायक पेट्रुकिओ मात्र नेमका तिथेच शिंप्याला धरतो आणि खरी लबाडी याच बाह्यांत आहे म्हणतो.

लॅटिनमध्ये ‘कूरा’ म्हणजे काळजी, जपणूक. क्युरेटर, क्युअर, ॲक्युरेट आणि आपला ‘क्युरिअस’ ही सगळी तिचीच लेकरं. १६११ च्या इंग्रजी बायबलातही १३९ व्या स्तोत्रात माणसाचा देह ‘क्युरिअसली’ घडवला गेला आहे. तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदाचं नातं रंगीत धाग्यांच्या भरतकामाशी आहे. म्हणजे तिथे हा शब्द कसबी हाताचा आहे.

हातातून तो डोळ्यांत गेला. जपून करणारा तो जपून पाहणारा, आणि मग नको तिथेही डोकावणारा. संत ऑगस्टीनने तर नुसत्या पाहण्या-जाणण्याच्या या हावेला डोळ्यांची वासना ठरवून टाकलं होतं. आपण मराठीत ही भांडणं आधीच मिटवून ठेवली आहेत: ऋषींना जिज्ञासा, पोराला कुतूहल, शेजारणीला नसत्या चौकशा. इंग्रजीने मात्र सगळ्यांना एकाच पंगतीत बसवलं.

सतराव्या शतकात पारडं फिरलं. १६६० मध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली आणि १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातली पिसू घडीच्या मोठ्या पानावर छापली. ‘क्युरिअस’ असणं आता सभ्य गृहस्थाचं लक्षण झालं. त्याच काळातले हौशी संग्राहक शिंगं, शिंपले, नाणी, वाळवलेले प्राणी कपाटांत भरत होते. हॅन्स स्लोनच्या अशाच संग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. पाहणारा क्युरिअस, आणि कपाटातली वस्तूही क्युरिअस. पुढे जुन्या पुस्तकांचे विक्रेते चावट पुस्तकांनाही यादीत हेच विशेषण लावू लागले. गिऱ्हाइकाला बरोबर कळायचं.

व्याकरणातली खरी मौज यानंतरची. ‘ती क्युरिअसली हसली’ असं इंग्रजी वाक्य घ्या. ती कुतूहलाने हसली, की तिचं हसू विचित्र होतं? इंग्रज लेखक दोन्ही अर्थ झाकून ठेवून पुढे जातो. मराठी अनुवादकाला मात्र एका बाजूला पडावंच लागतं. हाच शब्द विशेषणाआधी आला की नुसतं प्रमाण सांगतो. अल्टॉइड्सच्या पेपरमिंटच्या डबीवर ‘क्युरिअसली स्ट्राँग’ असं छापलेलं असतं. तिथे कुतूहल कोणालाच नाही. गोळी भलतीच झणझणीत आहे, इतकंच.

आणि वाक्याच्या तोंडाशी बसवून पुढे स्वल्पविराम दिला की शब्दाचा धनीच बदलतो. ‘क्युरिअसली, त्याने दार उघडलं’ यात दार उघडणाऱ्याच्या मनात कुतूहल असेलच असं नाही. नवल वाटतंय ते सांगणाऱ्याला. तेही तो स्वतःच्या नावावर घेत नाही, जणू घटनाच तशी होती. कुजकं बोलायला याहून सोयीचं हत्यार नाही. ‘क्युरिअसली, फाइल नेमकी त्याच आठवड्यात हरवली.’ आरोप केलेला नाही, पण बाण लागला. प्राध्यापक मंडळींचा यावर फार जीव. पुरावा तोकडा पडला की वाक्याच्या तोंडाशी हा शब्द हजर.

अशा वाक्याचं मराठी करताना कित्येकजण ‘कुतूहलाची बाब अशी की’ लिहितात. असं घरात कोणी बोलतं का? आपण ‘नवल म्हणजे’ म्हणतो, संशय असेल तर नाक मुरडून ‘योगायोग बघा’ म्हणतो, आणि सगळ्यात जास्त म्हणतो ‘गंमत म्हणजे’. गंमत म्हणजे, दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टरच नव्हते. गंमत म्हणजे, पेन्शन सुरू झाली आणि आठवड्यात बिचारे गेले. ऐकणारा हळहळतो, यात गंमत कसली, असं कोणी विचारत नाही. शिंप्याच्या बाह्यांपाशी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावं, म्हणजे इंग्रजीवरचा त्याचा राग थोडा कमी होईल.