सिम्युलेटरमधील आकाश
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील मुलेच नव्हे, तर मुलीही आता वैमानिक होऊ इच्छितात, आणि त्यापायी घर गहाण टाकण्यासही पालक कचरत नाहीत. परवाना केव्हा मिळेल, हे सारे विचारतात. सिम्युलेटरमध्ये नेमके काय शिकविले जाते, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्याविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

सहा पायांवर डोलणारी ही एक बंद खोली असते. विमान वेग घेत असल्याचा भास व्हावा म्हणून ती मागे कलते आणि वैमानिकाची पाठ आसनात रुतते. गुरुत्वाकर्षणच इंजिनाच्या जोराचे सोंग घेते! या विद्येचे एक आद्य पुरुष एडविन लिंक हे ऑर्गन बनविणाऱ्याचे चिरंजीव. 1929 च्या सुमारास त्यांनी भात्यांवर हलणारे विमान केले. 1934 साली टपाल वाहताना अमेरिकेच्या लष्कराचे वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली.

तथापि यंत्रात जेवढे घातले असेल, तेवढेच ते शिकविते. 14 ऑक्टोबर 2004 रोजी अमेरिकेतील पिनॅकल या प्रादेशिक कंपनीचे लहान जेट, प्रवासी नसताना, दोघा वैमानिकांनी 41,000 फुटांवर नेले. ती त्या विमानाची कमाल मर्यादा होती. वेग घटत गेला, पंखांचा हवेवरील आधार सुटला. यालाच स्टॉल म्हणतात. अशा वेळी यंत्रणा आपण होऊन दांडा पुढे ढकलते व विमानाचे नाक खाली करते. ती पुनःपुन्हा ढकलीत होती, आणि वैमानिक दांडा मागे ओढीत होते. दोन्ही इंजिने बंद पडली, पुन्हा सुरू झाली नाहीत. जेफर्सन सिटीजवळ दोघेही ठार झाले.

शिस्त मोडून वर जाण्याचा दोष त्यांचाच, असे चौकशीत ठरले, आणि ते योग्यच होय. परंतु स्टॉलचा त्यांचा सराव कमी उंचीवरचा होता. तेथे जोर वाढवावा व उंची शक्य तितकी कमी गमवावी, हीच शिकवण असे. विरळ हवेत इंजिनांपाशी शिल्लक जोर नसतो. तेथे उंची सोडून दिल्यावाचून गत्यंतर नाही. जी उंची राखण्याबद्दल शाबासकी मिळे, तीच सोडण्याचे मन हाताला कोठून व्हावे?

पुढे 2009 साली बफेलोजवळ प्रादेशिक कंपनीच्याच एका पंख्याच्या विमानात कप्तानाने असाच दांडा मागे ओढला आणि 50 माणसे गेली. तेव्हा कोठे 2013 साली पूर्ण स्टॉलच्या सरावाचा नियम झाला, आणि तो लागू होण्यास 2019 उजाडले! पूर्वीच्या सिम्युलेटरांत स्टॉलनंतरचे विमानाचे वागणे नीट भरलेलेच नव्हते.

त्याच 2019 साली बेळगाव भागात एम्ब्रेअर जातीची लहान जेट विमाने उडू लागली. आपली मुले उद्या अशाच विमानांत बसणार. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी विचारावे : उंचावरील पूर्ण स्टॉल करून घेता काय? दांडा स्वतःहून ढकलला जातो, तेव्हा हात सैल सोडण्याची सवय लावता काय? यात संकोच कसला?

नोकरी लागल्यावरही ही परीक्षा ठराविक मुदतीने द्यावीच लागते. यंत्र अहोरात्र चालत असल्याने पाळी पुष्कळदा मध्यरात्रीची येते. त्या दिवशी घरी पाहुणे बोलावू नयेत, वैमानिकास दुपारी झोपू द्यावे.