बोरी नदीकाठच्या अमळनेरमध्ये आपले स्वागत असो



आपल्या परिषदेचा विषय निवडक हायड्रोजनीकरण आणि त्यासाठीचे धातूंचे उत्प्रेरक. मी भुसार मालाचा व्यापारी. मला स्वागताध्यक्ष केले ते देणग्या मागायची सवय आहे म्हणून. तरीही या विषयाशी आमच्या गावाचे सोयरेपण जुने आहे. 29 डिसेंबर 1945 रोजी हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. आज ती विप्रो म्हणून संगणकाच्या जगात मिरवते. पण तिचे बारसे अमळनेरला, तेलातुपात झाले!

प्राध्यापक मंडळींनी मला समजावले ते असे: सच्छिद्र मातीवर निकेलचे बारीक कण बसवायचे आणि त्यांच्या संगतीत तेलाला हायड्रोजन द्यायचा, की वनस्पती तूप तयार. रसायनशास्त्रज्ञ साबात्ये यांनी निकेलचा हा गुण दाखवला, नॉर्मान यांनी 1902 मध्ये तेलासाठी पेटंट घेतले. खरे कौशल्य वेळेवर थांबण्यात. फार पुढे गेलात तर तेल मेणासारखे घट्ट होते, मध्येच ट्रान्स फॅट तयार होतात. 1952 मध्ये लिंडलर यांनी पॅलेडियमला मुद्दाम शिशाचे विष चारून तिहेरी बंध दुहेरीवर थांबवला. त्याच 1952 साली अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले होते, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. या दोन घटनांचा काही संबंध नाही, पण स्वागताध्यक्षाला हा योगायोग सांगावासा वाटतो. 2024 मध्ये संमेलन पुन्हा आमच्याकडे आले.

आता माझ्या आवडीच्या जागेबद्दल. 1916 मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांनी इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. गिरणीमालकाने नफ्यातून आणखी एक गिरणी काढावी, ही जगाची रीत. या माणसाने वेदान्ताच्या अभ्यासकांना छप्पर, ग्रंथ आणि विद्यावेतन दिले! कृष्णचंद्र भट्टाचार्य, मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती असे तत्त्वज्ञ या कापसाच्या गावात राहून वाद घालत. साने गुरुजीही तत्त्वज्ञान शिकायलाच आले आणि पुढे प्रताप हायस्कूलात शिक्षक झाले, वसतिगृहातल्या मुलांचे मायबाप झाले. गुरुजींचे नाव घरोघरी आहे. प्रतापशेठांचे मात्र शाळा-कॉलेजच्या पाट्यांवरच उरले. पाहुण्यांनी सवड काढून ते मंदिर जरूर पाहावे. ताबडतोब उपयोगी न पडणाऱ्या विद्येलाही पैसा लागतो, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

आता क्षमायाचना. निवासाच्या खोल्या वसतिगृहाच्या आहेत, गरम पाणी पाळीपाळीने मिळेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो आवाज फार करतो. काहींना स्टेशनवर रिक्षेसाठी ताटकळावे लागले, त्याबद्दल हात जोडतो. जेवणातले भरीत झणझणीत आहे. ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी वरणबट्टीवर तूप सैल हाताने वाढायला सांगितले आहे. ते तूप साजूक आहे, वनस्पती नाही!

मांडववाले, तेलगिरणीवाले, केळीबागायतदार, औषधविक्रेते, सराफ बांधव, भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी आणि नाव छापू नका म्हणणारे दाते, या सर्वांचा मी ऋणी आहे. ज्यांनी आकडा सांगितला पण रक्कम दिलेली नाही, त्यांनी ती आज संध्याकाळपर्यंत कार्यालयात जमा करावी, ही नम्र विनंती.

आपणा सर्वांचे अमळनेरकरांच्या वतीने मनःपूर्वक स्वागत!