सुनेच्या नावाचं मूळ

संस्कृतात सून म्हणजे स्नुषा. प्राकृतात तिची सुण्हा झाली आणि मराठीत सून. लॅटिनमध्ये हीच नुरुस, ग्रीकमध्ये नुओस, रशियनमध्ये स्नोखा. या साऱ्यांवरून भाषाशास्त्रज्ञांनी मूळ इंडो-युरोपीय रूप बांधलं: स्नुसोस. ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, म्हणून छापताना त्याच्याआधी तारका टाकतात. पण तो हवेतला अंदाज नव्हे. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होतो, ग्रीकमध्ये तो गळून जातो, संस्कृतात ‘उ’नंतर त्याचा ‘ष’ होतो. इतर अनेक शब्दांतही हेच दिसतं. गंमत म्हणजे स्नुसोसचा शेवट एखाद्या पुल्लिंगी नामासारखा आहे!

मला मात्र तिची सासरची माणसं अधिक बोलकी वाटतात. सासू, सासरा, दीर, जाऊ हे शब्दही तितकेच जुने. दीर म्हणजे संस्कृत देवृ, लॅटिन लेविर. जाऊ म्हणजे यातृ. होमरच्या ग्रीकमध्येही जावांसाठी त्याच मुळाचा शब्द आहे. बायकोच्या माहेरच्यांसाठी असे शब्द फारसे हाती लागत नाहीत. त्यावरून, ती मूळ भाषा बोलणाऱ्या समाजात लग्नानंतर मुलगीच नवऱ्याच्या घरी जात असावी, असं जर्मन अभ्यासक बर्टोल्ड डेलब्रुक यांनी १८८९ साली मांडलं.