धावपट्टीवरील पहिले काही क्षण

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



डहाणूच्या किनाऱ्यावरचा तांडेल आडवा वारा सुटला की सुकाणूवरचा हात ढिला पडू देत नाही. विमानाच्या शेपटीलाही असेच सुकाणू असते. मात्र ते हाताने नव्हे, पायांनी चालवावे लागते. ही सवय अंगी मुरली नाही, तर लहान शिक्षण-विमान उड्डाणासाठी धावत असतानाच दिशा सोडते आणि काही सेकंदांत धावपट्टीबाहेर जाते.

या परिसराला विमान परके नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. नकाशावर अहमदाबाद व जुहू यांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती डहाणूजवळूनच जाते. टाटांनी १९२९ साली मुंबई फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना मिळविला होता. आज बारामती, धुळे, गोंदिया येथे महाराष्ट्रात वैमानिक घडविले जातात.

विमान दिशा का सोडते? सेस्नासारख्या एका इंजिनाच्या विमानात पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता उजवीकडे फिरतो. पंख्याने मागे लोटलेली हवा पिळदार होऊन शेपटीच्या एका अंगावर आदळते. इंजिनाची प्रतिक्रिया डाव्या चाकावर भार टाकते. परिणामी पूर्ण शक्ती देताच विमानाचे नाक डावीकडे ओढ घेते. बैलजोडीतील एक बैल जोर करू लागला म्हणजे गाडी जशी वळते, तसेच हे घडते. त्यात आडवा वारा असेल तर तो उंच शेपटीला ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेकडे फिरते. आरंभी वेग कमी असल्यामुळे सुकाणूवर पुरेशी हवा नसते. तेव्हा पुढच्या चाकानेच दिशा राखावी लागते. वेग वाढत जातो तसतसे सुकाणू प्रभावी होते आणि पायाचा दाब कमी करावा लागतो.

शिकाऊ वैमानिकाच्या चुका येथेच होतात. मोटारीची सवय असलेला विद्यार्थी हातातले चाक फिरवितो. पण जमिनीवर त्याने विमान वळत नाही. मग घाबरून तो पेडल जोराने दाबतो, विमान दुसऱ्या बाजूला जाते, आणि उलटसुलट हेलकावे वाढत जातात. पाय नकळत ब्रेकवर पडला तर एका बाजूचे चाक अडते. सर्वांत घातक चूक म्हणजे कडेचे गवत दिसताच पुरेसा वेग नसताना विमान वर खेचणे. ते क्षणभर उचलले जाते आणि कोसळते.

उपाय साधा आहे, पण त्याला मनाचा निग्रह लागतो. शक्ती एकदम न देता हळूहळू द्यावी, दृष्टी धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी. विमान हाती राहत नाही असे वाटताच शक्ती बंद करावी, दिशा सांभाळीत ब्रेक लावावा आणि थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. धावपट्टी सुटली तरी जीव वाचू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये बारामतीस उतरताना एक शिक्षण-विमान धावपट्टीवरून घसरले, तरी वैमानिक सुखरूप राहिला.

या विषयाशी गावाचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. तलासरीच्या पाड्यावरील मुलानेही वैमानिक व्हावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. पण त्याचा पाया गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत, म्हणजे गावच्या शाळेतच घातला जातो. वाऱ्याचा दाब, बल आणि प्रतिक्रिया हे धडे होडी, बैलगाडी आणि पतंग यांच्या उदाहरणांनी शिकविता येतात.

पंचायत सदस्यांचेही एक कर्तव्य आहे. शिक्षण-विमान कधी शेतात उतरले, तर गर्दी दूर ठेवावी. पंखा थांबलेला असला तरी त्याच्याजवळ जाऊ नये. इंधनाजवळ विडी-काडी पेटवू नये, जखमींना मदत करून पोलिसांना त्वरित कळवावे आणि जीव वाचविण्यासाठी हलविणे भाग पडेल तेवढे सोडून विमानाचा एकही तुकडा हलवू नये. त्या तुकड्यांवरूनच अपघाताचे कारण कळते आणि पुढच्या विद्यार्थ्याचे प्राण वाचतात.

तांडेल वाऱ्याशी भांडत नाही. तो वारा ओळखतो आणि वेळीच होडी किनाऱ्याला लावतो. आकाशाकडे निघालेल्या तरुणांनीही हेच शहाणपण सोबत न्यावे.