चौदावा नंबर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोल." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. गेली वीस-बावीस वर्षं मी तेच करते आहे. पण जेवणाच्या आधी सॉफ्टवेअरवर भाषण ऐकण्याएवढा मोठा गुन्हा तुमच्यापैकी कुणी केलेला नाही. म्हणून मी मोटारींच्या शर्यतीवर बोलणार आहे. माझ्या घरी रविवारी संध्याकाळी टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो आणि मी फॉर्म्युला वन बघते, हे इथं फार थोड्यांना माहीत आहे. "तू? आणि गाड्या?" असं आता तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालंच. हो, मीच.

मला शर्यत जिंकणाऱ्याबद्दल बोलायचं नाही. शेवटून पहिला येणाऱ्याबद्दल बोलायचं आहे. करुण चंधोक हे नाव काही जणांनी ऐकलं असेल. चेन्नईचा मुलगा. नारायण कार्तिकेयननंतर फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवणारा दुसरा भारतीय. तो २०१० साली हिस्पानिया नावाच्या अगदी नव्या स्पॅनिश संघातून उतरला. त्याची निवड जाहीर झाली ४ मार्चला आणि पहिली शर्यत होती १४ मार्चला, बहारीनमध्ये. मध्ये दहा दिवस.

बाकीच्या संघांनी फेब्रुवारीभर स्पेनमध्ये गाड्या पळवून बघितल्या होत्या. कुठे तापते, कुठे गळते, कुठे थरथरते, सगळं वहीत उतरलं होतं. हिस्पानियाची गाडी तोवर एक मीटरही धावली नव्हती. संघ आधी दुसऱ्याच मालकाकडे होता. पैसे संपले, मालक बदलला, आणि इटलीतल्या दलारा कारखान्यात बांधलेली गाडी सुट्या भागांसकट बहारीनला पोचली. शुक्रवारच्या सरावात चंधोकचा सहकारी ब्रुनो सेना मोजक्या फेऱ्या मारून आला. (हा थोर आयर्टन सेनाचा भाचा. त्या आडनावाचं ओझं हा वेगळा विषय आहे.) चंधोकची गाडी तेव्हा गॅरेजमध्ये जोडली जात होती. शुक्रवारची दोन्ही सत्रं गेली, शनिवार सकाळचं सत्रही गेलं. शनिवारी दुपारी पात्रता फेरी सुरू झाली तेव्हा तो त्या गाडीत बसून पहिल्यांदा बाहेर पडला.

जरा कल्पना करा. गणिताचा बोर्डाचा पेपर, आणि कंपासपेटी तुमच्या हातात परीक्षेच्या खोलीत येते. उघडून बघायलाही वेळ नाही.

पात्रता फेरीत तो चोविसावा, म्हणजे शेवटचा आला. पहिल्या आलेल्या व्हेटेलपेक्षा एका फेरीला दहा सेकंदांहून जास्त मागे. या खेळात दहावा भाग सेकंदासाठी माणसं भांडतात, तिथं दहा सेकंद! दुसऱ्या दिवशी त्याला पिट लेनमधून, सगळ्यांच्या मागून सोडलं. दुसऱ्याच फेरीत रस्त्यावरच्या उंचवट्यावर गाडी उसळली, हातातून सुटली आणि आदळली. पहिली शर्यत एवढीच.

अशा गाडीत नक्की काय बिघडतं, हे थोडं सांगते. हा भाग माझ्या आवडीचा, त्यामुळे सहन करा. या गाड्यांमध्ये गिअर बदलणं, क्लच, स्टिअरिंगला मदत, अशी बरीच कामं तेलाच्या दाबावर चालतात. तो दाब साधारण २०० बार असतो. आपल्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, म्हणजे जवळजवळ शंभरपट. एवढ्या दाबाखाली एखादा सांधा केसाएवढा जरी सैल राहिला, तरी तेल झिरपतं, दाब उतरतो, गिअर अडकतो आणि गाडी बाजूला उभी राहते. अशा सांध्यांची खोड गाडी शेकडो किलोमीटर पळवल्याशिवाय कळत नाही. हिस्पानियाला ती शर्यत चालू असतानाच कळत होती. आमच्याकडे याला 'प्रॉडक्शनमध्ये टेस्टिंग' म्हणतात, आणि ते म्हणताना कुणी हसत नाही.

दोन आठवड्यांनी मेलबर्न. ५८ फेऱ्यांची शर्यत. सेनाची गाडी चार फेऱ्यांत हायड्रॉलिक्सने बसली. चंधोकची चालत राहिली. विजेत्यापेक्षा पाच फेऱ्या मागे राहून तो शेवटपर्यंत पोचला. नंबर चौदावा. शर्यत पूर्ण करणारे तेवढेच होते, चौदा. म्हणजे चौदावा आणि शेवटचाही. पण त्या संघाची गाडी शर्यत संपवून परत आली, अशी ती पहिली वेळ.

शेवटचा असणं हे सोपं काम आहे असं आपल्याला वाटतं. उलट आहे. मागून पुढारी आले की निळा झेंडा दाखवतात, मग बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते. बाजूला झालं की रस्त्याच्या स्वच्छ पट्ट्यावरून चाकं उतरतात, तिथं पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटतात, पकड जाते, पुढच्या वळणावर गाडी घसरते. आणि हे पुन्हा पुन्हा. अर्धं लक्ष आरशात, अर्धं समोर. वर गाडी कधी दगा देईल त्याचा नेम नाही. पहिल्या नंबरचा चालक दीड तासात जेवढे निर्णय घेतो त्याहून जास्त हा घेत असेल, असं माझं मत आहे.

पुढे मलेशियात पंधरावा, चीनमध्ये सतरावा. मोनॅकोत शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या असताना यार्नो ट्रुलीची गाडी चक्क याच्या गाडीवर चढली. चाक हेल्मेटच्या जवळून गेलं. आज डोक्यावर जी 'हेलो' नावाची कमान असते ती २०१८ साली आली, तेव्हा नव्हती. दोघंही धडधाकट बाहेर आले. शर्यतीचं पुरेसं अंतर कापून झालेलं होतं, म्हणून निकालात चंधोकचा नंबर लागला. पुन्हा चौदावा.

आता तुम्ही म्हणाल, गाडी खराब होती हे कुणीही म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं. अगदी बरोबर. आणि इथेच हा खेळ मला आवडतो. प्रत्येक संघात दोन गाड्या असतात, सारख्या. तुमचं अंगण वाकडं आहे की पाय, हे शेजारच्या गाडीकडे बघून कळतं. पात्रता फेऱ्यांमध्ये सेना बहुतेक वेळा पुढे होता, हे सांगायलाच हवं. निव्वळ एका फेरीच्या वेगात तो सरस. पण पहिल्या नऊ शर्यतींत सेना तीनदाच शेवटपर्यंत पोचला. कधी इंजिन, कधी हायड्रॉलिक्स, कधी गिअरबॉक्स, कधी इंधनाचा पंप. चंधोकचं नाव त्याच्या दहापैकी आठ शर्यतींच्या निकालात लागलं. यात नशिबाचा वाटा किती आणि गाडीला सांभाळून घेण्याचा किती, याचा हिशोब बाहेरून मांडता येत नाही. मी दोन्ही मानते.

नुसता नंबर किती फसवा असतो याचं उलट उदाहरणही आहे. २००५ साली इंडियानापोलिसला टायरच्या सुरक्षिततेवरून मिशेलिनच्या टायरवाल्या चौदा गाड्या शर्यतीआधीच माघारी फिरल्या. उरल्या सहा. त्यात आपला कार्तिकेयन चौथा आला आणि भारताला पहिले गुण मिळाले. वर्तमानपत्रात 'चौथा' छापून आलं, ते खोटं नव्हतं. पण मेलबर्नचा चौदावा नंबर त्या चौथ्याहून कमी अवघड होता, असं मला वाटत नाही.

ड्रायव्हरचं एक काम टीव्हीवर दिसत नाही. गाडीतून उतरून इंजिनिअरला सांगणं. "गाडी नीट चालत नाही" हे सांगून उपयोग शून्य. ब्रेक दाबताना मागचं टोक सैल वाटतं की वळणाच्या मध्यावर पुढची चाकं सरकतात? टाकी भरलेली असताना की रिकामी होत आली की? तिसऱ्या फेरीत की तेराव्या? माझ्याकडे दरवर्षी कॉलेजमधून नवी मुलं येतात. त्यांना मी पहिल्या महिन्यात मुद्दाम एक जुनं, रडतखडत चालणारं सॉफ्टवेअर सांभाळायला देते. चांगल्या गाडीत बसवलं तर मला त्यांच्याबद्दल काही कळणारच नाही. कुणी येऊन म्हणतं, "मॅडम, चालत नाही." कुणी म्हणतं, "मॅडम, सोमवारी सकाळी पहिल्या तासात अडकतं, नंतर नाही, आणि त्याआधी नेहमी ही एक फाइल मोठी झालेली असते." दुसऱ्याला बिघाड दुरुस्त करता आला नसला तरी तो मुलगा किंवा ती मुलगी माझ्या यादीत वर जाते.

हे मी कुठे शिकले ते इथे सांगायला हरकत नाही. आपल्या प्रयोगशाळेत एक ॲमीटर होता, ज्याचा काटा शून्यावर कधीच बसायचा नाही, दोन बारीक रेघा पुढेच असायचा. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात तो कुणाच्या वाट्याला येणार यावरून भांडणं व्हायची. विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "आधी काटा कुठे आहे ते लिहा, मग करंट सोडा." चांगल्या ॲमीटरवाल्यांची उत्तरं छान यायची. पण काट्याची नोंद करून, ती वजा करून ज्यांनी वेडीवाकडी उत्तरं जशीच्या तशी लिहिली, त्यांच्या वहीवर बाईंची सही आधी व्हायची. बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला तो ॲमीटर आठवत नसेल. आम्हाला आठवतो.

आणि आता जे मला मनापासून बोलायचं आहे ते. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येकाला सारख्या गाडीतला एक सहकारी असतो. शाळेत नसतो. आपल्या वर्गात कुणी पहाटे पेपर टाकून येत होतं, कुणी धाकट्या भावंडांची जेवणं उरकून, कुणाच्या घरी अभ्यासाला दिवा नव्हता. निकालाच्या तक्त्यावर नाव आणि टक्के होते, गाडी कुठली होती याचा रकाना नव्हता. माझे टक्के चांगले होते. माझ्याकडे शिकलेले आईवडील होते, टेबल होतं, शिकवणी होती. पेपर टाकून येणाऱ्याच्या ५२ टक्क्यांच्या शेजारी माझे ८६ ठेवून कोण पुढे होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सांगता आलं तर ते फक्त आपल्या शिक्षकांना, कारण कोण कुठल्या गाडीत बसून येतं हे तेच रोज बघत होते. सर, तुमच्यापैकी काही जणांनी त्या मुलांना उशिरा आल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं नाही, हेही आम्ही बघत होतो.

चंधोकची गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. दहा शर्यतींनंतर त्याला बसवून ठेवलं आणि त्याची जागा साकोन यामामोतोला दिली. लहान संघांमध्ये प्रायोजकाचा पैसा कोण आणतो यावर जागा ठरते, हे त्या धंद्यातलं उघड गुपित. वर्ष संपल्यावर गंमत झाली. कोणत्याच नव्या संघाला एकही गुण मिळाला नव्हता, त्यामुळे कुणाचा सर्वांत वरचा नंबर किती वेळा, यावर क्रम लागला. व्हर्जिन संघाकडे दोन चौदावे नंबर होते. हिस्पानियाकडे तीन. म्हणून हिस्पानिया व्हर्जिनच्या वर, अकरावा. त्या तीनपैकी एक नंबर सेनाने कोरियात मिळवलेला. उरलेले दोन, मेलबर्न आणि मोनॅको, ज्याला काढून टाकलं होतं त्याचे.

पुढच्या वर्षी तो लोटस संघात राखीव चालक होता. जर्मनीत एक शर्यत मिळाली, त्यात विसावा आला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली शर्यत झाली, तेव्हा घरच्या लोकांसमोर त्याला शुक्रवारच्या सरावात गाडी चालवायला मिळाली. रविवारी नाही. रविवारी हिस्पानियाची गाडी कार्तिकेयन चालवत होता, आणि लोटसच्या दोन गाड्यांत दुसरे दोघं होते. हिस्पानिया संघ पुढच्या वर्षाच्या शेवटी बंद पडला.

चंधोक आता टीव्हीवर बोलतो. एखादा चालक वळणावर का चुकला, टायर कधी मेले, स्टिअरिंगवर हात कुठे अडखळला, हे तो पडद्यावर थांबवून थांबवून दाखवतो, आणि मला तरी त्याच्याइतकं स्वच्छ सांगणारा दुसरा सापडलेला नाही. मधूनमधून विल्यम्स संघाच्या जुन्या, जगज्जेत्या गाड्याही प्रदर्शनात चालवतो. त्या गाड्या मात्र चालू स्थितीत असतात.

तेव्हा एखाद्या रविवारी संध्याकाळी काही काम नसेल तर शर्यत लावून बघा. पुढच्या तिघांवर कॅमेरा असतोच, तुम्ही सगळ्यात मागची गाडी शोधा. काही विचारायचं असेल तर मला फोन करा, फक्त शर्यत चालू असताना करू नका. आणि मला वाटतं, पंगत मांडून झाली आहे. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय.