उत्तर चुकलं, पण कुठे चुकलं?

वणी तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही समन्वयिका बोलतो आहोत. आधी एक गणित ऐका, रजिस्टर जवळ असेल तर त्यात मांडा.

गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. पहिल्या महिन्यात १०० रुपये व्याज आणि १,००० रुपये मुद्दल भरलं. दुसऱ्या महिन्याचं व्याज किती? एकीने लिहिलं १००, दुसरीने ८००. बरोबर उत्तर ८०. चुकल्या दोघीही, पण दुखणं वेगळं. पहिलीला शेकडा समजतो, ती फक्त अजून मूळ कर्जावरच व्याज लावते. दुसरीला उरलेले ४,००० बरोबर सापडले, शेकड्याचा हिशेब मात्र जमला नाही. प्रशिक्षणात काय होतं? दोघींना तोच व्हिडिओ पुन्हा दाखवतात!

आता असे संगणक कार्यक्रम आहेत की जे उत्तर चुकलं एवढंच सांगून थांबत नाहीत. चूक कुठल्या पायरीवर झाली ते ओळखतात आणि तेवढ्याच पायरीचं पुढचं गणित घालतात. जिला येतं तिला पुढे नेतात, जिचं अडतं तिच्यापाशी थांबतात. ही कल्पना जुनी आहे. १९७० मध्ये अमेरिकेत कार्बोनेल नावाच्या संशोधकाने दक्षिण अमेरिकेचा भूगोल शिकवणारा कार्यक्रम केला. तो प्रश्न विचारायचा, आणि शिकणाऱ्याने उलट विचारलेल्या प्रश्नांना उत्तरंही द्यायचा. पुढे तिथल्या हवाई दलात विमानांच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतला बिघाड शोधायला शिकवण्यासाठी 'शेरलॉक' आला. २०-२५ तासांच्या सरावाने नवखे तंत्रज्ञ चार वर्षं काम केलेल्यांच्या जवळ पोचले, असं तो तयार करणाऱ्यांनी नोंदवलं आहे.

एवढ्या लांबचं कशाला? दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना 'माइंडस्पार्क' नावाच्या अशाच कार्यक्रमावर शाळेनंतर शिकवलं. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. सहावीतली कितीतरी मुलं गणितात दोन-अडीच इयत्ता मागे होती. वर्गात सहावीचाच धडा चालायचा, त्यांच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. संगणकाने त्यांना जिथे अडलं तिथून धरलं, आणि ती पुढे सरकली.

आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी आहे, गावोगावच्या मुलींनी ती केली. प्रौढांना वाचायला शिकवण्यासाठी टीसीएसने संगणकावरचा साक्षरता कार्यक्रम काढला, तो मराठीतही आला. त्यात शेजारी शिकवणारं माणूस लागायचंच, आणि आमच्या मते ते लागलंच पाहिजे. चार दिवस धडा का उघडला नाही, हे यंत्राला कसं कळणार? कापूस वेचायला गेली होती, की फोन नवऱ्याच्या खिशात होता, हे सीआरपी ताईच ओळखते.

यंत्राचा एक गुण मात्र मोठा आहे. त्याच्यापुढे दहादा चुकलं तरी लाज वाटत नाही. सुनेच्या वयाच्या पोरींसोबत प्रशिक्षणाला बसून "मला नाही समजलं" म्हणणं किती जड जातं, ते बसलेल्या बाईलाच माहीत.

हे आज का बोलतो? बीसी सखी व्हायचं तर ऑनलाइन परीक्षा पास व्हावी लागते. गटाचा हिशेबही मोबाइलवर चालला आहे. एका व्हिडिओत जिला समजलं नाही ती मागे राहते, आणि कमिशनचं काम दुसरीकडे जातं. म्हणून कोणी प्रशिक्षणाचं ॲप घेऊन आलं तर आपण विचारायचं: चुकलं तर हे काय करतं? 'टक्के' म्हणतं की आपल्यासारखं 'शेकडा' म्हणतं? नेटवर्क नसताना चालतं का?

पुढच्या बैठकीत ते व्याजाचं गणित सगळ्यांना घाला. कोणी कसं काढलं ते कागदावर उतरवून घ्या, नावं नकोत. ते कागद आमच्याकडे पोचवा. प्रशिक्षणवाल्यांसमोर ठेवायला तेच लागतील.